चाराचे नऊ : शिरोलीतल्या एका फौंड्रीचा प्रकरण अभ्यास

नवं सॉफ्टवेअर सुरू होऊन पहिला पूर्ण महिना संपला आणि रिपोर्टात रिजेक्शन, म्हणजे नापास माल, आलं ९ टक्के. त्याआधी कित्येक वर्षं रजिस्टरात ते ४ च्या आसपास असायचं. थोरल्या मालकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ह्याच्यासाठी पैसं घातलं व्हय? कॉम्प्युटर आला आन् माल बिघडाय लागला." धाकटे मालक गप्प. सॉफ्टवेअर कंपनीचा पोरगा लॅपटॉपमध्ये मान घालून बसला. चहा आला, तो कुणी उचलला नाही.

त्या बैठकीत मी होतो, कारण प्रोसेस बघायला मला बाहेरून बोलावलं होतं. कारखान्याची ओळख पटू नये म्हणून इथले आकडे थोडे इकडेतिकडे केलेत, प्रमाण तेच ठेवलंय. फौंड्री, म्हणजे लोखंडाचा रस साच्यात ओतून भाग करणारा कारखाना, शिरोली एमआयडीसीतली. सीआय (साधं बीड) आणि एसजी (मॅग्नेशियम दिलेलं, जास्त चिवट बीड) दोन्ही ओतते, महिन्याला पाचशेएक टन माल विकते, उलाढाल साठ कोटींच्या घरात. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहत आणि जुनं उद्यमनगर धरून कोल्हापूर परिसरात तीनशेच्या आसपास फौंड्र्या आहेत. त्यांतली ही मधल्या फळीतली.

मालकांचा प्रश्न रास्त होता. एका महिन्यात माल दुपटीने बिघडतो कसा? मला उत्तर सापडायला चार दिवस लागले.

तीन ढीग

पहिले दोन दिवस मी नॉक-आउटला, म्हणजे वाळूचा साचा फोडून माल काढतात तिथे, उभा राहिलो. बॉक्स फोडला की कास्टिंगबरोबर, म्हणजे ओतलेल्या भागाबरोबर, रसाच्या वाटांत गोठलेले रनर-रायझरही निघतात आणि ते पुन्हा भट्टीत जातात. त्याला आम्ही रिटर्न म्हणतो. तिथला पोरगा कास्टिंगवर हातोडी मारायचा. आवाज बद्द आला किंवा कडेला कोल्ड शट (रस नीट न जुळल्याची रेघ) दिसला की तो नग सरळ रिटर्नच्या ढिगात. वजन नाही, नोंद नाही. त्याला विचारलं तर म्हणाला, "लोखंड कुठं जातंय साहेब? परत वितळणारच की."

ही समजूत एकट्या त्याची नाही, आमच्या अख्ख्या धंद्याची आहे. लोखंड परत येतं हे खरं. पण इंडक्शन भट्टीत टनभर रस करायला ढोबळमानाने सहाशे युनिट लागतात, आणि रनर-रायझर धरून एक टन कास्टिंगसाठी दीड टनाहून जास्त रस ओतावा लागतो. म्हणजे टनभर माल रिटर्नमध्ये टाकला की साडेनऊशे युनिट गेले. युनिट साडेआठ रुपयांचं धरलं तर आठ हजार रुपये निव्वळ विजेचे. वाळू, बेन्टोनाइट माती, पोकळीसाठीचे वाळूचे कोअर, मोल्डिंगवाल्याचा रोज हे वेगळंच. चार आणि नवातला फरक पाच टक्के, पाचशे टनांवर तो पंचवीस टन. पुढचे दोन ढीग धरून महिन्याला दोन लाखांची वीज अशी जात होती आणि रिजेक्शनच्या वहीत त्याची नोंद नव्हती.

दुसरा ढीग कारखान्यात नव्हताच. कास्टिंग मशिनिंगला जॉबवर्कवाल्यांकडे जातं. कुणाच्या शेडमध्ये दोन व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी कापायची मशिनं), कुणाकडे तीन लेथ. ब्लो होल, म्हणजे वाफेने पडलेली पोकळी, कातडीखाली असतो, तो टूल लागल्यावर उघडा पडतो. असा नग दोन-तीन आठवड्यांनी चलनावर परत यायचा आणि 'जॉबवर्क रिटर्न' म्हणून स्टोअरच्या वहीत चढायचा. तोवर तो कुठल्या पाळीत, कुठल्या हिटमध्ये (भट्टीच्या कुठल्या घाण्यात) ओतला हे कुणालाच आठवत नसे.

तिसरा ढीग कागदाचा. गिऱ्हाईक कंपनीच्या लाइनवर माल नापास झाला की पैसे कापल्याची डेबिट नोट यायची, ती थेट अकाउंट्सला. तिथे त्याला 'क्वालिटी क्लेम' म्हणत. वर्षाअखेरीस सीए ते खर्चात टाकायचे. प्रॉडक्शनच्या माणसाने ती नोट कधी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती.

सॉफ्टवेअरने हे तिन्ही एका पानावर आणले, बाकी काही केलं नाही. रजिस्टरातले ४ टक्के म्हणजे फक्त फेटलिंगनंतर, म्हणजे घासून साफ केल्यावर, तपासणीत सापडलेला माल. ९ आधीही होते. थोरल्या मालकांना हे पटवायला आणखी दोन बैठका गेल्या, आणि पूर्ण पटलं असं मी आजही म्हणणार नाही.

ऑफिसला तारीख होती

या कारखान्यात डिजिटल काही नवं नव्हतं. जीएसटी १ जुलै २०१७ ला आला तेव्हा अकाउंट्सच्या कॉम्प्युटरवर नवं पॅकेज बसलं. आंतरराज्य मालाला ई-वे बिल १ एप्रिल २०१८ पासून. ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल, आधी पाचशे कोटींवर उलाढाल असणाऱ्यांना होतं, मग ती मर्यादा खाली येत गेली आणि १ एप्रिल २०२१ ला पन्नास कोटींवर आली. कारखान्याची उलाढाल २०१८-१९ सालीच पन्नासच्या वर गेलेली होती, त्यामुळे हेही सापडले. १ ऑगस्ट २०२३ पासून मर्यादा पाच कोटी झाली आणि यांना माल देणारे निम्मे पुरवठादारही त्यात आले.

प्रत्येक वेळी कुरकुर झाली आणि प्रत्येक वेळी काम वेळेत झालं, कारण मागे तारीख होती. त्या दिवसानंतर बिलाशिवाय गाडी गेटबाहेर पडणार नव्हती. दोन माणसं बिलं करायची तिथे एक पुरू लागला. ही कार्यक्षमता खरीच. पण टनामागचं युनिट तेवढंच राहिलं, रिजेक्शन तेवढंच राहिलं. सरकारला व्यवहार दिसायला लागला, मालकाला भट्टी दिसत नव्हती ती नव्हतीच.

भट्टीच्या बाजूला मात्र कुठलीच तारीख नव्हती. तिथे सॉफ्टवेअर आलं ते गिऱ्हाइकाच्या तगाद्याने. वाहन कंपन्यांना प्रत्येक नग कुठल्या हिटचा हे मागे जाऊन शोधता यायला हवं असतं. ते दाखवता आलं नाही तर नवा पार्ट मिळत नाही. धाकट्या मालकांनी ईआरपी, म्हणजे हेच नवं सॉफ्टवेअर, घेतलं, भट्टीला एक टॅब, सँड प्लांटला एक, फेटलिंगला एक.

३.४, ३.४, ३.५, ३.४

सँड प्लांटचा टॅब मी उघडला तो जुलैच्या मध्यावर. बाहेर कोल्हापुरी पाऊस लागलेला, शेडच्या पत्र्यावर बोललेलं ऐकू येईना. वाळूतल्या ओलाव्याची दर दोन तासांची नोंद बघितली: ३.४, ३.४, ३.५, ३.४. मागे जाऊन एप्रिल उघडला. तिथेही ३.४, ३.५, ३.४. एप्रिलच्या उन्हात आणि जुलैच्या झडीत वाळू इतकी शहाणी कशी वागते?

रात्रपाळीला थांबलो. साडेअकराला टेस्टिंगच्या पोराने नमुना घेतला, माझ्यासमोर वाळवला, वजन केलं. ४.१ आलं. या लाइनला ३ ते ३.५ पाहिजे. एवढी ओली वाळू वापरली की वाफ कोंडते आणि ब्लो होल ठरलेला. त्याने टॅबवर ४.१ टाकलं. पडदा लाल झाला: मर्यादेबाहेर, सुपरवायझरचा ओटीपी टाका. सुपरवायझर पलीकडच्या भट्टीवर. शेडमध्ये मोबाइलला रेंज नाही. पोराने दोनदा फोन लावला, माझ्याकडे बघितलं, बॅक दाबलं आणि ३.४ टाकलं. पडदा हिरवा. मोल्डिंग एक मिनिटही थांबलं नाही.

त्याला मी काय बोलणार? कागदी रजिस्टर होतं तेव्हाही मर्यादेबाहेरचा आकडा लिहिला की शेजारच्या रकान्यात कारण लिहावं लागायचं आणि सकाळी केबिनमध्ये उभं राहावं लागायचं. वहीतलं खोटं टॅबवर आलं, एवढाच फरक. उलट आता त्याला वेळेचा शिक्काही मिळाला होता, ११ वाजून ३८ मिनिटं. वर बसलेल्याला ते कागदापेक्षा खरं वाटत होतं.

सॉफ्टवेअरवाल्याच्या पोराला सांगितलं तेव्हा तो प्रामाणिकपणे गोंधळला. ते कुलूप म्हणजे त्यांच्या मालाचं वैशिष्ट्य होतं, डेमोमध्ये सगळ्यांना आवडायचं.

नंबर कुठल्या अंगाला

हिट नंबरची गंमत वेगळीच. प्रत्येक कास्टिंगवर नंबर उठायला लागला, टॅबवर हिट नोंदली जायला लागली. साखळी पूर्ण, असं सगळ्यांना वाटलं. तरी मशिनिंगहून परत येणाऱ्या नगांपैकी बऱ्याच नगांपुढे हिट नंबरचा रकाना रिकामाच.

एका जॉबवर्कवाल्याच्या शेडमध्ये गेलो. त्याने नग उलटा धरून दाखवला. "साहेब, नंबर तुम्ही ज्या फेसवर देताय तोच फेस मला मारायचा असतो." मारायचा म्हणजे मशिनवर कापायचा. पहिल्या कटला नंबर किसात. पॅटर्न, म्हणजे वाळूत साचा उठवायचा नमुना, तयार झाला तेव्हा नंबराची कुणाला गरज नव्हती. पुढे नंबराची पट्टी बसवताना पॅटर्नवाल्याने सपाट, सोयीची जागा बघितली आणि तिथे लावली.

तिथून पुढे तीन महिने आम्ही कॉम्प्युटरला हात लावला नाही. पॅटर्न शॉपमध्ये बसून एकेक पॅटर्न काढला आणि नंबराची जागा न मारायच्या अंगाला नेली. काही ठिकाणी त्यासाठी कोअर प्रिंट (कोअर टेकायची जागा) सरकवावा लागला, दोन पार्टना गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगची मंजुरी घ्यावी लागली. या प्रकल्पात डिजिटलच्या नावाने जेवढा खर्च झाला त्यातलं मला सगळ्यात वसूल झालेलं काम हेच वाटतं, आणि ते लाकूड-ॲल्युमिनियमचं होतं.

अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट सोलो १९८७ मध्ये म्हणाले होते की कॉम्प्युटरचं युग सगळीकडे दिसतंय, उत्पादकतेच्या आकड्यांत तेवढं दिसत नाही. तीन वर्षांनी पॉल डेव्हिड यांनी त्याची सांगड विजेच्या मोटरीशी घातली. अमेरिकेतल्या कारखान्यांनी वाफेचं इंजिन काढून तिथे एक मोठी मोटर बसवली, पण छतालगतचा शाफ्ट आणि पट्टे तसेच ठेवले. वीज आली, फायदा आला नाही. प्रत्येक मशिनला स्वतःची मोटर मिळाली आणि मशिनं कामाच्या ओघाप्रमाणे मांडता आली, तेव्हा १९२० च्या दशकात उत्पादकता उसळली. उद्यमनगरात शाफ्टिंगवरची लेथ चालवलेल्या म्हाताऱ्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही. आमचा शाफ्ट म्हणजे तो चुकीच्या अंगावरचा नंबर होता.

तात्यांचं घड्याळ

बदलाची पहिली खूण दिसली ती मुख्य भट्टीवर. तिथले मेल्टर, ज्यांना सगळे तात्या म्हणतात, एसजीच्या रसाला मॅग्नेशियम दिल्यावर स्वतःच्या हातातल्या घड्याळाकडे बघायचे. मॅग्नेशियमचा असर उडत जातो. साधारण दहा मिनिटांच्या आत ओतलं नाही तर ग्राफाइटच्या गोळ्या धड बनत नाहीत आणि नग दिसायला चांगला, आतून कच्चा. उशीर झाला की तात्या आरडाओरडा करायचे, ओतणारे बॉक्स संपवायच्या घाईत ओतायचे. ट्रीटमेंटपासून ओतण्यापर्यंतचा वेळ टॅबवर नोंदला जात होता. तो रिपोर्ट सकाळी आठला क्वालिटीच्या टेबलावर यायचा, माल थंड होऊन पडल्यावर.

आम्ही तोच वेळ ओतायच्या जागेसमोर मोठ्या लाल आकड्यांत लावला. ट्रीटमेंट झाली की मोजणी सुरू, नऊ मिनिटांना भोंगा. आणि थोरल्या मालकांकडून एक कागद सही करून घेतला: भोंग्यानंतरचा रस पिगमध्ये (परत वितळवायच्या लादीत) ओतायचा, तो निर्णय तात्यांचा, त्याबद्दल प्रॉडक्शनने बोलायचं नाही. घड्याळाची किंमत सॉफ्टवेअरच्या किमतीपुढे सांगायला लाज वाटावी एवढी. सहीला मात्र दीड महिना लागला.

तात्यांना विचारलं, कसं वाटतंय. म्हणाले, "आम्ही बोंबलून सांगतच हुतो की. माणसाचं कोण ऐकतंय? आता डबा वरडतोय म्हटल्यावर खरं वाटाय लागलंय."

वाळूचं कुलूपही काढलं. मर्यादेबाहेर आकडा टाकला की मोल्डिंगला पिवळा दिवा लागतो, बस. थोरल्या मालकांनी सँड प्लांटच्या भिंतीवर स्वतःच्या अक्षरात लिहिलं: '४.१ लिहिलं म्हणून विचारणार नाही. ३.४ लिहून ४.१ निघालं तर विचारीन.' पुढच्या आठवड्यात टॅबवर ४.३ सुद्धा आलं. दिवा लागून लागून मोल्डिंगवाले वैतागले, तेव्हा कुठे वाळूच्या यार्डवर पत्र्याचं छप्पर आलं.

सहा महिन्यांनी रिजेक्शन साडेआठ होतं. वर्षाने सहाच्या जरा वर. थोरले मालक अजूनही जुन्या ४ च्या आठवणी काढतात.

इथे मला आमच्या भागातल्या दूध संस्था आठवतात. संकलनाला म्हैसवाला किटली ओततो, मशीन फॅट दाखवतं, पावती हातात येते. फॅट घसरला तर घरी जाऊन पेंड बघायची की वैरण, हे तो त्याच दिवशी ठरवतो. आकडा ज्याच्या हातात काहीतरी करणं आहे त्याच्याकडे, वेळेत पोचतो. याच्या उलट ऊसवाल्याला काट्यावर दिसतं ते वजन, आणि तेवढ्यावरूनही काटामारीचा संशय पिढ्यान्पिढ्या टिकलेला. त्याच्या स्वतःच्या उसाचा साखर उतारा त्याला कुणी वेगळा काढून दाखवत नाही.

वाचलेलं कुणी नेलं

सगळ्यांचं भलं झालं असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. फेटलिंगचा कंत्राटदार किलोवर पैसे घ्यायचा, आणि डागडुजीचा माल घासून, भरून पास करायचा दर वेगळा होता. खराब माल कमी झाला तशी त्याची ही दुसरी कमाई आटली. त्याची ग्राइंडरवरची पोरं आठवड्याचा हिशेब घेऊन सुपरवायझरशी भांडली. टॅबवर नोंद करायला सगळ्यात जास्त टाळाटाळ फेटलिंगनेच केली होती, त्याचं कारण तेव्हा मला कळलं. कंत्राटदार सोडून गेला, पोरांपैकी चौघं कंपनीच्या रोलवर घेतली. बाकीच्यांचं काय झालं ते कुठल्याच रिपोर्टात नाही.

विजेचा हिशेब थोडा सुखाचा. रात्रीच्या युनिटला सवलत म्हणून इथल्या भट्ट्या पिढ्यान्पिढ्या रात्री पेटत आल्या. केंद्राने २०२३ मध्ये वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम दुरुस्त केले: दहा किलोवॅटवरच्या औद्योगिक ग्राहकाला १ एप्रिल २०२४ पर्यंत वेळेनुसार दर, सौर तासांत नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी, सर्वाधिक मागणीच्या तासांत किमान १.२ पट. धोरण ऊन बघून चाललंय. हिटवार युनिटची नोंद हाताशी होती म्हणून यांना कुठल्या हिट दिवसा सरकवायच्या हे दोन दिवसांत मांडता आलं. शेजारच्या फौंड्रीत अजून अंदाजाने चाललंय. तात्या आता बऱ्याच रात्री घरी झोपतात, मात्र दुपारी भट्टीपुढे उभं राहणं काय असतं ते त्यांनाच विचारा.

पैसे वेळेवर मिळायच्या कायद्याचं वेगळंच झालं. आयकर कायद्याच्या ४३-बी(एच) कलमाने १ एप्रिल २०२४ पासून अट घातली की सूक्ष्म-लघु उद्योगाचं देणं जास्तीत जास्त ४५ दिवसांत भागवलं नाही तर घेणाऱ्याला त्या वर्षी तो खर्च दाखवता येणार नाही. हा कारखाना तेव्हा साठ कोटींमुळे 'मध्यम', म्हणजे बाहेर. १ एप्रिल २०२५ ला लघुउद्योगाची उलाढाल मर्यादा पन्नासवरून शंभर कोटी झाली आणि हेच लोक, हीच भट्टी, 'लघु' म्हणून आत. आता गिऱ्हाइकाकडचं उत्तर ठरलेलं: "जीआरएन पडला नाही," म्हणजे माल मिळाल्याची नोंद झाली नाही. माल त्यांच्या गेटमधून आत गेल्याचं ई-वे बिल आहे, ई-इन्व्हॉइस आहे, पण त्यांच्या सिस्टिममध्ये माल 'मिळाला' असं बटण कुणी दाबायचं बाकी. २००६ चा एमएसएमई कायदा सांगतो की पंधरा दिवसांत लेखी हरकत नसेल तर माल पोचला तोच दिवस स्वीकृतीचा. कायदा सांगतो, पण पुढची ऑर्डर हवी असलेला माणूस ते पत्र लिहीत नाही. आपल्याकडचं डिजिटल तारखेला बांधलेलं, मोठ्या घरचं सवडीने चालणारं.

शेवटी दर. याच गिऱ्हाइकाच्या पोर्टलवर दर महिन्याला रिजेक्शनचा आकडा भरावा लागतो. नऊवरून सहा झालेलं त्यांच्या खरेदी खात्याला दिसलं आणि मेल आला: सुधारणेबद्दल अभिनंदन, यंदा दोन टक्के कॉस्ट डाऊन (दरकपात) अपेक्षित. या गिऱ्हाइकाचं काम वर्षाला वीस कोटींचं, त्याचे दोन टक्के चाळीस लाख. तीन टक्के रिजेक्शन कमी झाल्याने वाचलेली वीज वर्षाला पंधरा लाखांच्या आत. वाळू-मजुरी धरली तरी मागणी वाचलेल्यातला मोठा घास घेऊन जाते, कारण वाचलंय सगळ्या मालावर आणि हिशेब लावलाय एकाने.

दरांची बैठक पुढच्या महिन्यात आहे. परवा धाकट्या मालकांचा फोन आला. म्हणाले, "या महिन्याचं पोर्टलवर भरायचंय. ६.१ आलंय. साडेसात टाकलं तर कोण बघायला येणाराय?"

मी म्हटलं, विचार करून सांगतो. अजून फोन केलेला नाही.